गोदाक्का, भोपळे भरून झाले

आक्का,

परवा तुमचा दहावा झाला आणि काल मी वरच्या धनगरवाड्यावर जाऊन आलो. यातली दुसरी बातमी तुम्हाला कुणी सांगितली असती तर तुम्ही कमरेवर हात ठेवून म्हणाला असतात, "अण्णा आन चढ? कायतरीच!" पण खरंच गेलो. तीनदा बसलो, एकदा परत फिरायचा विचार केला, पण गेलो.

दहाव्याला पिंडाला कावळा लगेच शिवला. तुमचा पुतण्या हात जोडून उभा होता, त्याला हायसं वाटलं. "आक्काचा जीव कशात अडकला न्हाई," असं चार बायाही म्हणाल्या. खरं सांगू? मला तुमचा रागच आला. मृग आठ-दहा दिवसांवर आलेला, वरच्या वाड्यांच्या गोळ्या कपाटात तशाच पडलेल्या, आणि तुमचा जीव कशात अडकत नाही म्हणजे काय! नऊ वर्षं मला टोचणी लावलीत आणि जाताना इतक्या निवांत गेलात.

कागदावर आपली ओळख साधी होती. माले गावच्या रस्त्याकडेला दोन खोल्यांचा दवाखाना, मी तिथला कंपाउंडर, तुम्ही झाडलोट करणाऱ्या आणि सुया उकळणाऱ्या. डॉक्टर पुण्याहून गुरुवारी येत. उरलेले सहा दिवस राज्य माझं. औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्या जानव्याला बांधलेली असे आणि मला त्याचा भारी तोरा होता. मी पुण्यातून आलो तेव्हा एसटीच्या पाठीवर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा चुन्यानं लिहिलेल्या असायच्या. तुम्ही इथल्याच. तुमचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हा तुम्ही परकरी पोर होता. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठावर उभं राहून "त्या तितं आमची चूल व्हती" असं तुम्ही एकदा सांगितलंत, ते पण रडून नाही, वाट सांगावी तसं.

तुम्हाला अक्षर येत नव्हतं. पण कोणत्या पेशंटचा खोकला कोणत्या कुशीवर वाढतो, कुणाच्या घरी दूध आहे, कुणाच्या घरी नुसती नागलीची आंबील, हे सगळं तुम्हाला ठाऊक. मला औषधांची नावं ठाऊक. एवढ्या भांडवलावर मी तुम्हाला शिकवायला जायचो.

क्षयाच्या गोळ्या नव्यानंच खेड्यांत पोचायला लागल्या होत्या. त्याआधी क्षय म्हणजे पुण्या-मिरजेच्या पैसेवाल्यांनी हवापालटाला जायचं आणि आपल्याकडच्यांनी गोठ्यात खाट टाकून वाट बघायची. गोळ्या आल्या आणि मला वाटलं, संपलं, आता गरीब-श्रीमंत एकाच पातळीवर आले. वर्ष-दीड वर्ष, एक दिवस न चुकता गोळ्या घ्यायच्या, दर पंधरा दिवसांनी येऊन पुढच्या न्यायच्या. दोनदा चुकलं की नाव कमी आणि जागा दुसऱ्याला, कारण वाट बघणारे पुष्कळ. नियम सगळ्यांना सारखा. हे वाक्य मी दिवसातून दहादा म्हणायचो.

तुम्ही एकदा सुया उकळता उकळता विचारलंत, "नियम सारखा हाय, पर वाट सारखी हाय का, अण्णा?"

मी तुम्हाला स्टोला पिन मारायला सांगितली.

मग हौसाची गोष्ट झाली. वरच्या धनगरवाड्यावरची हौसा, तिशीही न ओलांडलेली, पदराआड खोकणारी. मेंढरं दिराच्या हवाली करून दर पंधरा दिवसांनी दोन डोंगर उतरून यायची, एकदाही तिचा दिवस चुकला नव्हता. मी इतरांना तिचं उदाहरण द्यायचो. आणि त्याच हौसाचं वजन चैत्रात वाढेना. डॉक्टरांनी छाती ऐकली, कपाळाला आठ्या घातल्या आणि मला म्हणाले, "गोळ्या पोटात जातायत ना, बघा." बघा म्हणाले होते, बोला नव्हते म्हणाले. मी बाहेर येऊन भरल्या ओसरीवर तिला विचारलं, "काय गं, गोळ्या जातात कुठं? पौडच्या बाजारात विकतेस की काय?"

तिनं हातातली पुडी माझ्या टेबलावर ठेवली, पदर सारखा केला आणि गेली. ओसरीवरचे सगळे खाली बघत होते. तुम्ही मात्र माझ्याकडे बघत होतात.

ती पुढच्या पंधरवड्याला आली नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. मी नियमाप्रमाणे तिच्या नावावर लाल रेघ मारली. तुम्ही विचारलंत, "हौसा का वो आली न्हाई?" मी म्हटलं, "बरं वाटलं असेल. या लोकांना बरं वाटलं की औषधाची आठवण राहत नाही." तुम्ही केरसुणी भिंतीला टेकवलीत आणि उद्याची रजा मागितलीत. चार वर्षांत पहिली रजा.

तुम्ही परत आलात तो गुरुवार होता. डॉक्टर नुकतेच येऊन बसले होते. तुम्ही डोक्यावरून एक वाळका भोपळा उतरवलात, धनगर बियाणं ठेवतात तसला, चुलीच्या धुरानं काळा झालेला, आणि तोंडाचा बोळा काढून माझ्या टेबलावर उपडा केलात. राख पडली, घेवड्याचं थोडं बी पडलं, आणि मग पडल्या गोळ्या. आमच्याच गोळ्या. कोरड्या, पांढऱ्या, एकीचाही टवका उडालेला नव्हता.

"येक दिस पोटात, येक दिस भोपळ्यात," तुम्ही म्हणालात. "पावसाची बेगमी करत व्हती बाई. चार महिने वाडा तुटतो, वढा वलांडता येत न्हाई. म्हनली, पावसात औशीद कोन आनून देनार? म्हून अर्धं राखून ठेवलं. हिनं इकलं म्हनता तुमी?"

डॉक्टर कितीतरी वेळ त्या गोळ्या बोटानं इकडेतिकडे सारत राहिले. मला घरातली आमची कोठीची खोली दिसत होती. तिथं माझ्या बायकोनं त्याच आठवड्यात शेवया, सांडगे, पापड, वाळकी लाकडं, घासलेटचा डबा, सगळं पावसासाठी भरून ठेवलं होतं. मीच तिला म्हटलं होतं, की मुळशीच्या पावसाचा भरवसा नाही, सगळं दुप्पट भर. माझ्या घरी ते शहाणपण होतं आणि हौसाच्या घरी ती चोरी झाली होती. राखून ठेवायला मधले दिवस चुकवले तर ते औषधच राहत नाही, हे तिला कुणी सांगायला हवं होतं? मीच. मी तिला फक्त "पुढच्या पंधरवड्याला ये" एवढंच सांगत आलो होतो.

हे सगळं मला त्या क्षणी कळलं होतं, आक्का. कळलं नव्हतं असं नाही. पण कळणं आणि तोंडातून निघणं यांच्यामध्ये माझा स्वभाव आडवा पडलेला असतो, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार!

तुम्ही डॉक्टरांकडे वळून म्हणालात, "वरच्या वाड्यांना मिरगाआधी चार महिन्यांचं द्या. येकदम." डॉक्टर म्हणाले, "कपाट अण्णांचं आहे. ते जबाबदारी घेत असतील तर मी सही करतो." आणि सगळं माझ्यावर आलं. मी हुज्जत घातली. गोळ्या दमटतील. पोरं खातील. घेणारा एकदम खाईल नाहीतर मुळीच खाणार नाही. तुम्ही भोपळ्यावर हात मारलात, "बियानं दमटत न्हाई यात, गोळी कशी दमटंल? आन प्वॉरं बियानं खात्यात का कधी?" मग मी माझा हुकमी पत्ता टाकला, नियम सगळ्यांना सारखा. तासभर वाद घालून मी दोन महिन्यांच्या गोळ्या द्यायला तयार झालो. चार मागितल्या, दोन दिल्या, आणि वर आपण फार मोठं मन दाखवलं असं समजत राहिलो.

हौसाचं औषध पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. तिला कसं तयार केलंत, असं मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "समजावलं." मी पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

त्या वर्षी आषाढ असा कोसळला की खालची भाताची खाचरं दिसेनाशी झाली. दोन महिने संपत आले. मी मनात म्हणत होतो, उघडीप मिळेल, कुणीतरी उतरेल. कुणी उतरलं नाही. एका सकाळी तुम्ही दवाखाना झाडलात, सुया उकळल्यात, मग डोक्यावर इरलं घेतलंत आणि माझ्यासमोर हात पसरलात. मी किल्ली काढली, राहिलेल्या दोन महिन्यांच्या पुड्या मेणकापडात बांधून दिल्या. थांबा म्हटलं नाही. मी येतो म्हणणं तर लांबच.

तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात त्या काठी टेकत. ओढ्यात पाय सरकून गुडघा दगडावर आपटला होता. पुड्या कोरड्या पोचल्या हे आधी सांगितलंत, गुडघ्याचं मी विचारल्यावर. तो गुडघा पुन्हा कधी नीट वळला नाही. पुढची सगळी वर्षं तुम्ही उभ्यानं झाडत आलात. मी तुमच्यासाठी लांब दांड्याचा झाडू आणवला आणि माझ्या परीनं विषय मिटवला.

पुढच्या वर्षीपासून चार महिन्यांच्या गोळ्या मृगाआधी वर जाऊ लागल्या. त्याची रीत सगळी तुमची. आठवड्याची एक पुडी, सोमवारी उघडायची. प्रत्येक वाडीत एका घरी भोपळा, आणि तो सांभाळणारं माणूस असं की जे स्वतः या दुखण्यातून उठलेलं आहे. "ज्यानं खोकून काढल्यात राती, त्योच दुसऱ्याला गोळी चुकू देत न्हाई," म्हणायचात. हौसाचं औषध पुरं झालं तसा धनगरवाड्यावरचा भोपळा तिच्याकडे गेला. दुखणं सरून तिच्या अंगावर मांस चढलं होतं. तिचा दीर, खालच्या पाड्यावरची एक म्हातारी, अशी माणसं तिच्या हातून गोळी घेऊ लागली. तुम्ही दर वर्षी तो गुडघा ओढत वर जायचात, भोपळे भरायचात, त्यांच्या घरी त्यांच्या ताटात भाकरी खायचात, आणि खाली आलात की मी तुम्हाला साबण देऊन दोनदा हात धुवायला लावायचो. तुम्ही धुवायचात. एकदाच म्हणालात, "हातानं काय केलंय वो तुमचं?"

मग ते वरच्या कार्यालयाचं पत्र आलं. दुर्गम वाड्यांवरील रुग्णांचे उपचार पावसाळ्यातही अखंड राहिले, यात कंपाउंडरची कल्पकता प्रशंसनीय, असा काहीसा मजकूर. डॉक्टरांनी ओसरीवर सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. मी हात जोडून उभा राहिलो. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं, "ही कल्पना आक्कांची, मी तर आडवा आलो होतो." दोन वाक्यं. जमली नाहीत. तुम्ही आत सुया उकळत होतात, दारातून डोकावून म्हणालात, "झ्याक झालं. आता ह्याच पत्रावर आनखी येक कपाट मागून घ्या." मी मागितलं, आणि मिळालं.

तुमचं कौतुक करायला मी बसलोय आणि सगळ्या माझ्याच चुका लिहितोय, हे माझ्या लक्षात आलंय. पण तुमचं मोठेपण मला दुसऱ्या कोणत्या मापानं मोजता येत नाही. मी शिकलेला, माझ्याकडे किल्ली, माझ्याकडे नियम. तुमच्याकडे केरसुणी. आणि या डोंगरातली किती माणसं आज मेंढरांमागं फिरताहेत, भात लावताहेत, ती तुमच्यामुळे. तुम्ही कधी कुणाला अडाणी म्हणाला नाहीत. माणूस चुकीचं वागलं की तुम्ही आधी विचारायचात, त्याला कोणती अडचण असेल. मी आधी विचारायचो, नियम काय आहे. एवढाच काय तो आपल्यातला फरक होता, पण हौसासारख्यांच्या बाबतीत तो जगण्या-मरण्याचा होता.

तर काल मी गेलो. दुसरं कोण जाणार होतं? पुड्या मीच बांधल्या, तुमच्या पद्धतीनं, सोमवार धरून. चढताना तुमचा गुडघा सारखा आठवत होता. माझे दोन्ही गुडघे शाबूत, तरी जीव कंठाशी आला.

वाड्यावर कुत्री धावून आली, मागून हौसा. मला बघून जागीच थांबली. माझ्या मागं वाटेकडे बघत म्हणाली, "आक्का मागं ऱ्हायल्या का?"

बातमी वर पोचलीच नव्हती. मी सांगितलं. ती मटकन उंबऱ्यावर बसली, पदर तोंडात कोंबला. मी तिथंच अंगणात पुड्या धरून उभा. थोड्या वेळानं ती उठली, चुलीवर टांगलेला भोपळा उतरवला, राख पाखडली आणि माझ्यासमोर ठेवला. "भरा," म्हणाली. मी एक एक पुडी आत सोडली. ती ओठ हलवत मोजत होती.

भोपळा भरून झाला तेव्हा ती म्हणाली, "तुमी आला, लई बरं केलं. त्या येळी तुमी माफी धाडली म्हून म्या गोळी तोंडात घातली. न्हाईतर मेले आसते पर तुमच्या दवाखान्याची गोळी घेतली नसती."

मी विचारलं, "कसली माफी?"

"आक्कानं सांगितलं की. म्हनल्या, अण्णा लई कष्टी हायेत. म्हनल्यात, हौसाला सांगा, माझ्याकडनं चूक झाली, राग धरू नको. आन माफी म्हून ह्या गोळ्या धाडल्यात."

आक्का, मी असं काही म्हटलं नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं. मी तर तेव्हा दोन महिने की चार यावर वाद घालत होतो. तुम्ही मला एका शब्दानं न विचारता, न सांगता, माझ्या नावानं माफी मागून आलात आणि खाली येऊन "समजावलं" म्हणालात. ज्या माफीचा मला पत्ता नव्हता, तिच्यावर एक बाई जगली. आणि मी इतकी वर्षं समजत होतो की तिला गोळ्यांनी वाचवलं.

गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. तुमचा शब्द राहिला असता, माझी अब्रूही राहिली असती. पण ओसरीवर पत्र वाचलं तेव्हाही मी गप्पच राहिलो होतो. म्हणून मी म्हटलं, "हौसा, मी माफी मागितली नव्हती. आक्कांनी आपल्या मनानं सांगितलं. पत्रात माझं नाव आलं, तेही खोटं. हे चार महिन्यांचं सगळं आक्कांचं."

ती चुलीत फुंकर घालत होती. मान न वळवता म्हणाली, "ठाव हाय मला. मगाशी आक्काचा शब्द राखला, येवढंच. आक्काला खोटं बोलाय येत व्हतं व्हय? माफीचं सांगताना मान वर केली न्हाई येकदा. पर माझ्यापायी खोटं बोलाया येवढी दोन डोंगर चढून आली बाई, तिला न्हाई कसं म्हनू?"

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. चुलीचा धूर होता म्हणायला सोय होती, पण मी म्हटलं नाही. मी उभा राहिलो आणि तिच्यासमोर हात जोडले. "तुला मी भर ओसरीवर चोर ठरवलं. माझं चुकलं. हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं, आज म्हणतो."

हौसानं माझ्याकडे नीट बघितलं. मग एवढंच म्हणाली, "बरं. बसा आता. आक्का बसायच्या तितं बसा."

तिनं ताट पुढं ठेवलं. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी, वर ठेचा, वाटीत शेळीचं दूध. ठेवताना तिचा हात जरा अडखळला, कारण तिलाही माहीत होतं की अण्णा कुणाच्या घरी खात नाहीत. शेजारी तिचा दीर खोकत बसला होता. त्यानं माझ्यादेखत गोळी घेतली, तोंड उघडून जीभ दाखवली, तुम्ही लावलेल्या सवयीनं.

मी भाकरी मोडली. मिलोची भाकरी घशात अडकते हो, आक्का, तुम्ही कधी बोलला नाहीत. तरी एक संपल्यावर दुसरी मी मागून घेतली.